बोअर मारण्याआधी वही उघडा



गेल्या एप्रिलमध्ये जुम्याच्या नमाजनंतर आमच्या मशिदीत एलान झालं, "पाण्याचे हाल आहेत, नवीन बोअर मारायचा आहे, सगळ्यांनी चंदा द्यावा." मराठवाड्यातल्या आमच्या गावाला असं एलान नवं नाही. तीन वर्षांपूर्वीही असाच चंदा झाला होता. कुणी पाचशे दिले, कुणी पाच हजार. मोहल्ल्यातल्या एका खालाने भिशीचे दीड हजार दिले होते. बोअरला पाणी लागलं, मोटर बसली, मिठाई वाटली. दुसऱ्या उन्हाळ्यात बोअर आटला.

एलानच्या दिवशी संध्याकाळी तीच खाला आमच्या घरी आली. म्हणाली, "सर, पैसे द्यायला माझी ना नाही. पण मागच्या बोअरला एकूण किती लागले, काढलेली मोटर कुठं गेली, हे कुणी लिहून ठेवलंय का?"

मी गप्प बसलो. त्या कमिटीत मी स्वतः होतो. शाळेत मुलांना हिशेब शिकवतो, आणि मशिदीच्या बोअरची एक पावतीही माझ्याकडे नव्हती. कुणी पैसे खाल्ले असं नाही, पण लिहिलं कुणीच नव्हतं. आणि पाण्याचा हिशेब तर आम्ही कधी मांडलाच नव्हता. दुष्काळी गावात पाणी आणि पैसा दोन्ही कमी असतात. म्हणून दोन्हींची वही लागते, आणि ती सगळ्यांसमोर उघडावी लागते. एवढंच या लेखात सांगायचं आहे.

बोअर का आटतो?

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेला आहे. हा खडक वाळूसारखा पाणी धरत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांमध्ये. बोअर खोल गेला आणि एखादी भेग लागली की पाणी उसळून येतं, आणि आपल्याला वाटतं खाली समुद्र आहे. खरं तर त्या भेगेत अनेक वर्षांचं थोडं थोडं मुरलेलं पाणी असतं. आपण ते दोन उन्हाळ्यांत उपसतो. शेजारच्या चार शेतांतले बोअरही बऱ्याचदा त्याच भेगेतून ओढत असतात. एका ग्लासात पाच जणांनी नळ्या घातल्या तर शरबत वाढत नाही, लवकर संपतं. भेगेला मशिदीचा बोअर कोणता आणि पाटलांचा कोणता हे कळत नाही. म्हणून "आपला वेगळा बोअर" हा बऱ्याचदा नुसता मनाचा दिलासा असतो. नवा बोअर म्हणजे नवं पाणी नव्हे.

पाण्याची वही अशी मांडा

सातवीच्या मुलालाही जमेल असं गणित आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे १० हजार लिटर.

समजा, गावाचं शिवार १,००० हेक्टर आहे आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे शिवारात ५०० कोटी लिटर पाणी पडलं. आता गावाची लोकसंख्या १,५०० धरा. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी ठरवलं आहे. त्या हिशेबाने अख्ख्या गावाला वर्षभर लागतात सुमारे ३ कोटी लिटर, म्हणजे पडलेल्या पावसाच्या एक टक्काही नाही.

मग उन्हाळ्यात टँकर का येतो? बरंच पाणी वाहून जातं, बरंच वाफ होऊन उडतं, आणि जे मुरतं त्यातलं बहुतेक पिकाला जातं. उसाला वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं, पाऊस धरून. म्हणजे हेक्टरी २ कोटी लिटर. दीड हेक्टर, म्हणजे पावणेचार एकर उसाला जेवढं पाणी लागतं, तेवढ्यात दीड हजार माणसांचं गाव वर्षभर भागतं. ऊस लावणारा शेतकरी गुन्हेगार नाही, त्यालाही पोट आहे. पण हा आकडा गावासमोर कधी ठेवला जात नाही.

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आठवत असेल. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. एका एकरावर सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी एवढंच पाणी होतं. ते जिथं पडलं तिथं धरलं तर स्वस्त, आणि शेवटी चाकांवर आणलं तर सर्वांत महाग.

हिवरे बाजारने काय केलं?

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतलं गाव. एकेकाळी इथले लोक कामासाठी गाव सोडून जात. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गाव आदर्श गाव योजनेत आलं. रोजगार हमीच्या पैशातून डोंगरावर चर खोदले, बांध घातले, झाडं लावली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान गावाने स्वतःवर लादून घेतलं. याबद्दल पवारांना पद्मश्रीही मिळाली.

पण चर तर अनेक गावांनी खोदले. हिवरे बाजार टिकलं ते पुढच्या नियमांमुळे. शेतीसाठी बोअरला बंदी आणि उसासारख्या पिकांना मनाई झाली. गावात पर्जन्यमापक बसले, विहिरींची पातळी मोजली जाऊ लागली. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढतात, मग उरलेल्यात कोणती पिकं बसतील ते ठरवतात. पाऊस कमी झाला तर पिकं बदलायची. मुस्लिम घर या गावात एकच आहे, आणि त्यांच्यासाठी गावाने मशीद बांधून दिली. पाण्याची वही एकत्र बसून लिहिणारं गाव बाकीच्या गोष्टीही एकत्र करू शकतं.

सुरुवात वुजूखान्यापासून

गावाचं पीक बदलणं आपल्या एकट्याच्या हातात नाही. मशिदीचा नळ मात्र आहे. हदीसमध्ये आलं आहे की प्रेषित मुहम्मद (सल्ल.) एक मुद, म्हणजे साधारण पाऊण लिटर पाण्यात वुजू करत असत. मी शाळेतल्या मुलांना घेऊन आमच्या वुजूखान्यात नळाखाली बादली ठेवून मोजलं. नळ सुरू ठेवून केलेल्या एका वुजूला सहा लिटर पाणी गेलं, लोट्याने केलेल्या वुजूला दीड लिटर. दिवसाला दीडशे वुजू धरले तर ९०० लिटरऐवजी २२५. रोजची बचत ६७५ लिटर. टंचाईत टँकरचं पाणी माणशी २० लिटर धरतात. म्हणजे तेहतीस माणसांचं एका दिवसाचं पाणी आपण रोज गटारात सोडत होतो.

दुसरं, छत. आमच्या मशिदीचं छत दोन हजार चौरस फूट आहे, म्हणजे सुमारे १८६ चौरस मीटर. ५०० मिलिमीटर पावसात वीस टक्के वाया गेलं तरी ७४ हजार लिटर पाणी मिळतं. दहा हजार लिटरचे सात टँकर समजा. छताचा पाइप खडी-वाळूच्या गाळणीतून जुन्या विहिरीत किंवा आटलेल्या बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडता येतो. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर काढायचं आणि गाळणी दरवर्षी साफ करायची. वुजूचं सांडपाणी झाडांना द्यायचं, पिण्याच्या विहिरीत नको.

पैशाची वही

मोठ्या कामाला सरकारी पैसा असतो, पण तो मागावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीत ६० टक्के भाग बंधित होता. त्यातला अर्धा पिण्याचं पाणी आणि पावसाचं पाणी साठवणं यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. आपल्या पंचायतीला किती आला, कुठं खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. आपले लोक तिथं कमी जातात, बायका तर फारच कमी, आणि हंडा मात्र त्यांच्याच डोक्यावर असतो. जलजीवन मिशनमध्ये गावाने साधारण दहा टक्के लोकवर्गणी द्यायची असते, ती श्रमदानानेही देता येते. टंचाईत टँकर किंवा विहीर अधिग्रहण हवं असेल तर पंचायतीचा ठराव वेळेत वर गेला पाहिजे. मे महिन्यात धावून उपयोग नाही.

आता आपला चंदा. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. हनफी उलेमांच्या मते जकात हकदार माणसाच्या मालकीत गेली पाहिजे, म्हणून ती बोअरला किंवा टाकीला लावत नाहीत. त्यासाठी सदका आणि इमदाद आहे. दोन्ही पैसे एका डब्यात टाकू नका, शंका असेल तर आलिमांना विचारा. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदीनेतली रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, हे आपण बयानात ऐकतो. पण विहीर चालू राहिली तरच सदका जारी राहतो. म्हणून शंभर रुपये जमले तर सगळे खोदण्यात घालू नका, काही मोटर, वायर आणि गाळणीच्या देखभालीला ठेवा. आणि पावत्या जपा. पैसा अमानत आहे, तोंडी हिशेबावर सोडू नका.

आमच्याकडे काय झालं

पुढच्या जुम्याला मी उभा राहून सांगितलं की मागच्या बोअरचा हिशेब माझ्याकडे नाही, चूक माझीही आहे. कमिटीतले एक चाचा नाराज झाले, "मास्तर, चारचौघांत बोलायची काय गरज होती?" पण नंतर त्यांनीच दुकानदाराकडून जुनी बिलं काढून आणली. मोटर एका गोदामात सापडली. चंद्याचा पहिला पैसा बोअरला न लावता छताचा पाइप आणि गाळणीला लावायचं ठरलं. वुजूखान्यात वीस लोटे आले. जमा-खर्चाचा कागद आता दर महिन्याला मशिदीच्या फळ्यावर लागतो. शेजारी विहिरीच्या पाण्याची पातळीही लिहिली जाते. ती मोजण्याचं काम आठवीची दोन मुलं करतात.

विहीर भरेल की नाही ते पावसावर आहे, आणि पाऊस अल्लाहच्या हाती आहे. वही मात्र आपल्या हाती आहे. खालाने परवा फळ्यावरचा कागद नातवाकडून वाचून घेतला आणि यावेळी दोनशे रुपये दिले. म्हणाली, "पावती दे, सर." मी दिली.