उसाचे औषध परसबागेत नको



घरामागे मोरीच्या पाण्यावर चार वांगी, दोन ओळी भेंडी, मांडवावर दोडका, कुंपणाला वाल, अशी परसबाग आपल्यापैकी अनेकांकडे आहे. तिथे अळी दिसली की उसासाठी आणलेली बाटली हाताशी असते, पंपही असतो. मग ‘मार दोन झाकणं’ असं होतं. आमचं आजचं सांगणं एवढंच, की हे करू नका.

कारण साधे आहे. ऊस वर्षभर उभा असतो. फवारणी आणि तोडणी यांत महिने जातात. भेंडी मात्र एक-दोन दिवसांआड तोडावीच लागते, नाहीतर जून होते. फवारणीनंतर किती दिवस माल तोडू नये, ते औषधाच्या माहितीपत्रकात दिलेले असते. परसबागेत तेवढे दिवस कोण थांबतो? आज फवारले आणि परवा भाजी चुलीवर चढली, तर ते विष लेकरांच्याच ताटात आले. आंतरप्रवाही औषध भाजीच्या आत मुरते, ते नुसते धुऊन जात नाही.

कायदाही हेच सांगतो. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ सालापासून बंदी आहे. फोरेट, म्हणजे आपण ज्याला थायमेट म्हणत आलो, त्यावर तर ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. कोठीत जुनी पिशवी पडून असेल, तर ती वाफ्यात टाकून संपवू नका.

दुसरी गोष्ट पंपाची. उसात टू-फोर-डी तणनाशक मारलेला पंप परसबागेत आणू नका. पंपात राहिलेल्या थोड्याशा अंशानेही वांगी, टोमॅटो, भेंडीची पाने आकसतात, वाकडी होतात. आपल्याला वाटतं रोग पडला, आणि आपण आणखी औषध मारतो. भाजीसाठी लहान हातपंप वेगळाच ठेवावा.

मग कीड आवरायची कशी? परसबाग लहान असते, हाच मोठा फायदा. एकरभर उसात जे जमत नाही, ते इथे हाताने जमते. रोज सकाळी पाने उलटून पाहावीत. अंडी, अळ्या दिसल्या तर वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. वांग्याचा शेंडा मान टाकून सुकला, की आत अळी आहे असे समजावे. शेंडा अळीसकट कापून नष्ट करावा. दोडका, कारल्याची फळमाशीने सडलेली फळे उकिरड्यावर फेकू नयेत, खोल पुरावीत. वालावरचा मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बराचसा गळून पडतो.

तेवढ्यानं भागलं नाही तर निंबोळी अर्क करावा. अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालाव्यात. सकाळी फडक्याने गाळून, २० ग्रॅम कपड्याचा साबण विरघळवून एकूण १० लिटर पाणी करावे. हा अर्क त्याच दिवशी संध्याकाळी, पानांच्या खालूनही फवारावा. किडी लगेच पटापट मरत नाहीत. त्यांचे खाणे आणि वाढ थांबते, म्हणून आठवड्याने पुन्हा फवारावा. भाजी धुऊनच वापरावी. मात्र घरगुती म्हणजे निर्धोक असे नव्हे. तंबाखूचा काढा विषारीच असतो, तो भाजीवर नको.

मित्रकिडींनाही जपा. २००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा आला, तो पुढे राज्यभर पसरला. उंच उसात फवारणी पोहोचेना. शेवटी डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी त्याचा जोर मोडला. परसबागेत तेच काम ढालकिडा करतो. त्याच्या काळपट अळ्यांना कीड समजून मारू नका. त्या मावाच खातात.

शेवटी, औषधाची बाटली घरात ठेवायचीच तर कुलपात ठेवा, रिकाम्या सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका. कोणाला विषबाधा झालीच तर बाटली किंवा तिची चिठ्ठी घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. डॉक्टरांना औषधाचे नाव कळले की योग्य उपचार लवकर सुरू होतो.

हा अंक घरातल्या बायामाणसांनाही वाचून दाखवा. परसबाग बहुधा त्यांच्याच हातची असते. अडचण आल्यास गट ऑफिसमध्ये विचारावे, किडलेले पान सोबत आणावे.