शस्त्रक्रियेचा खर्च कोणाच्या शिरावर?

हर्निया मुंबईच्या हमालाला होतो, लंडनच्या बसचालकाला होतो आणि शिकागोच्या कामगारालाही होतो. रोग तोच, छेद तोच, टाकेही तेच. फरक पडतो तो पैशाच्या हिशोबात. लंडनचा रुग्ण शस्त्रक्रियेचे पैसे न देता घरी जातो. शिकागोच्या रुग्णामागून बिल येते. मुंबईचा हमाल सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा राहतो, नाहीतर खासगी रुग्णालयासाठी कर्ज काढतो. हा फरक वैद्यकशास्त्राने केलेला नाही. तो समाजव्यवस्थेने केलेला आहे.

ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. ती उभारणारे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हे तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेले. त्यांच्या ट्रेडेगर गावातील कामगार मजुरीतून वर्गणी देत आणि त्यातून त्यांच्या कुटुंबांवर उपचार होत. श्रमिकांचीच ही कल्पना बेव्हन यांनी देशव्यापी केली. खर्च मुख्यतः करांतून होतो. दोषही आहे: गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते आणि पैसेवाला खासगीत जाऊन रांग चुकवतो. पण गरिबाला ऐपत नाही म्हणून दार बंद होत नाही.

अमेरिकेत विमा प्रामुख्याने नोकरीशी बांधलेला आहे. नोकरी गेली की बहुधा विमाही जातो. एकाच रुग्णालयात एकाच शस्त्रक्रियेचा दर विमा कंपनीगणिक बदलतो. राष्ट्रीय उत्पन्नाचा १७ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्च करूनही २०२३ साली तेथे सुमारे अडीच कोटी लोक विम्याविना होते.

तरी याच देशाचा एक धडा आपण विसरू नये. १९६६ पर्यंत दक्षिणेतील अनेक रुग्णालयांत काळ्यांचे वॉर्ड वेगळे होते. वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना त्या वर्षी अमलात आली आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार भेदभाव करणाऱ्या रुग्णालयाला सरकारी पैसा मिळणार नाही, असे ठरले. काही महिन्यांतच हजारावर रुग्णालयांनी भिंती पाडल्या. उपदेशाने जे झाले नाही, ते सार्वजनिक पैशाने घडवले.

आपल्याकडे भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते की, पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये. प्रत्यक्षात २०२१-२२ मध्येही आरोग्यावरच्या एकूण खर्चातील ३९.४ टक्के वाटा लोकांनी थेट खिशातून भरला. २०१८ च्या आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. मात्र रोजच्या गोळ्यांचा खर्च आणि बुडालेली मजुरी तिच्या बाहेरच राहते.

किंमत हा काही निसर्गनियम नव्हे. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या औषधलेपित स्टेंटसाठी रुग्णांना लाखाच्या वर मोजावे लागत. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने त्याची कमाल किंमत सुमारे ३० हजारांवर आणली. शास्त्र तेच राहिले. बदलला तो एक आदेश.

म्हणून शस्त्रक्रिया किती रुपयांची, हा प्रश्न अपुरा आहे. ती किंमत कोण ठरवतो, कोण भरतो आणि न भरणाऱ्याला कोणत्या दारातून आत घेतले जाते, हे विचारले पाहिजे. उपचार ही दया असेल तर रुग्णाने हात जोडायचे. तो हक्क असेल तर व्यवस्थेने जाब द्यायचा.