गाडीचं सामान: दुकानातून की ऑनलाइन?

सेनगावकरांनो, सीट कव्हर, मोबाईल होल्डर बिनधास्त ऑनलाइन मागवा. पण हेडलाइटचा बल्ब? तो हिंगोली किंवा रिसोडला जाऊन जाणत्या दुकानदाराकडूनच घ्या. एच-४ बल्ब मुळात ६०/५५ वॅटचा. ऑनलाइन १००/९० चा स्वस्तात दिसतो, पण रिले न टाकता लावला की होल्डर वितळायला लागतो. चांगला इलेक्ट्रिशियन आधी होल्डर काढून बघतो, मगच बल्ब देतो. (आणि काचेला बोट लावू देत नाही!)

हेल्मेट कुठूनही घ्या, फक्त आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल नंबर 'बीआयएस केअर' ॲपवर तपासा. १ जून २०२१ पासून बिगर-आयएसआय हेल्मेट विकणंच बेकायदा आहे. तरी रस्त्याकडेला टांगलेली दिसतातच. माप माहीत नसेल तर मात्र दुकानातच, डोक्यात घालून बघून घ्या.