ठेवीची राखण

खळ्यावर ज्वारीची रास पडली की घरचा माणूस रात्री तिथेच निजतो. राखण हवीच. मग घाम गाळून मिळवलेला पैसा आपण बँकेत ठेवतो, त्याची राखण कोण करतो?

ते काम रिझर्व्ह बँकेकडे आहे. ही बँकांवर देखरेख करणारी बँक. ती 1935 साली सुरू झाली. तिच्या मुख्याला गव्हर्नर म्हणतात. पहिले दोन गव्हर्नर गोरे साहेब होते. तिसरे झाले ते चिंतामण द्वारकानाथ देशमुख. या जागेवर बसणारे ते पहिले भारतीय.

देशमुखांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी झाला. 1912 साली ते मॅट्रिकला पहिले आले. पुढे विलायतेस गेले. तिथे 1918 साली आय.सी.एस. या सरकारी परीक्षेतही पहिले आले. मध्यप्रांत-वऱ्हाडात त्यांनी बरीच वर्षे कारभार पाहिला. 1939 साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट 1943 मध्ये गव्हर्नर झाले.

तो काळ महायुद्धाचा. पुष्कळ नव्या बँका निघाल्या होत्या. आता बँक काय करते ते पाहा. आपली ठेव ती तिजोरीत बांधून ठेवत नाही. थोडी रोकड हाताशी ठेवते, बाकीची कर्जाऊ देते. कर्जे बुडाली की ठेवीही धोक्यात येतात. तशा कित्येक बँका बुडाल्या.

म्हणून 1946 साली बँकांची दप्तरे तपासण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाला. 16 मार्च 1949 रोजी पुरा कायदा लागू झाला. बँक चालवायची तर परवाना हवा. ठराविक रोकड बाजूला ठेवायची. संचालकांनी तारणाशिवाय आपल्याच बँकेतून कर्ज उचलायचे नाही. त्याच वर्षी जूनअखेर देशमुख या जागेवरून उतरले. पुढे ते देशाचे अर्थमंत्री झाले. 1982 साली ते वारले. कायदा मात्र चालू राहिला. 1966 साली तो सहकारी बँकांनाही लागू झाला.

आता आपल्या जिल्ह्याचे पाहू. नगर अर्बन सहकारी बँक 1910 सालची. भांडवल पुरेसे नाही, मिळकतीची आशा नाही, असे सांगून रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये तिचा परवाना रद्द केला. तेव्हा बँक जुनी आहे, ओळखीची आहे, एवढ्यावर विसंबू नये.

अशा वेळी ठेवीचा विमा कामी येतो. 1960 साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर 1962 पासून हा विमा सुरू झाला. आज एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. खाती चार असली तरी त्यांची बेरीज एकच धरतात.

पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिच्यावर सहकार खात्याची देखरेख असते. तिथल्या ठेवीला हा विमा लागू नाही.

तेव्हा पैसे ठेवण्याआधी दोन गोष्टी विचाराव्या. रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे का? ठेवीचा विमा आहे का? विचारायला लाजू नये, पैसा आपला आहे. आणि आता आपल्याला वाचता येते. पावती घडी करून ट्रंकेत ठेवण्याआधी ती नीट वाचावी.