मानसशास्त्रज्ञ व्हायचे आहे? वाट नीट समजून घ्या

आपल्या मुलाने डॉक्टर, इंजिनिअर किंवा शिक्षक व्हावे असे बहुतेक पालकांना वाटते. मानसशास्त्राकडे मात्र ‘बी.ए.चा एक सोपा विषय’ म्हणूनच पाहिले जाते. शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत, खानदेशात नाही. घरातले कोणी अबोल झाले, झोप उडाली, की आजही काही कुटुंबे आधी भगताकडे जातात. जळगाव-धुळ्याला अहिराणीत दुःख ऐकून घेणारा जाणकार माणूस हवा आहे. तो आपल्या विद्यार्थ्यांतून घडावा, म्हणून ही माहिती देत आहोत.

प्रथम फरक लक्षात घ्यावा. मानसोपचारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. नंतर पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषधे देतो. मानसशास्त्रज्ञ चाचण्या, संवाद व समुपदेशन यांच्या आधारे काम करतो, औषधे देत नाही.

बारावी कोणत्याही शाखेतून झाली तरी बी.ए.ला मानसशास्त्र घेता येते. 1990 साली स्थापन झालेल्या, आजच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत आधी चौकशी करावी. पुढे एम.ए. केल्यावर अध्यापन, संशोधन, शालेय समुपदेशन अशी क्षेत्रे खुली होतात.

मात्र एम.ए. झाले म्हणजे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ झालो, असे नाही. त्यासाठी 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी लागते. अनेक वर्षे दोन वर्षांचे एम.फिल. हाच त्याचा मुख्य मार्ग होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच्या प्रवेशांना 2025-26 पर्यंतच मुदतवाढ दिली. परिषदेने आता एम.ए. (क्लिनिकल सायकॉलॉजी) सारखे अभ्यासक्रम आणले आहेत. प्रवेशापूर्वी परिषदेच्या यादीत संस्थेचे नाव पाहावे, व नोंदणी कोणत्या वर्गात होईल हेही विचारावे.

दुसरी सावधगिरी अशी, की नोकरी वा संसार सांभाळून शिकणारे अनेक जण पत्रद्वारे मानसशास्त्र घेत. जुलै-ऑगस्ट 2025 पासून आयोगाने दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीचे नवे प्रवेश बंद केले आहेत. काही आठवड्यांच्या प्रमाणपत्राला भुलून आईबापांचे कष्टाचे पैसे घालवू नयेत.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृह न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेसाठी समाजकल्याण कार्यालयात विचारावे. जातीचा व उत्पन्नाचा दाखला बारावीतच काढून ठेवावा.

ही वाट लांब आहे. पण माहिती घेऊन निघालेल्याची वर्षे वाया जात नाहीत.