शहाणें शहर आणि त्याचे कारभारी

मागील सत्रांत दहावीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, स्मार्ट सिटीचा मोठा अधिकारी व्हावयाचें असेल, तर कोणती परीक्षा द्यावी लागते?" प्रश्न साधा होता, परंतु वर्गांत त्याचें समाधानकारक उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. हाच प्रश्न पुष्कळ पालकांच्याही मनांत असेल असें वाटल्यावरून तें उत्तर येथें थोडें सविस्तर देत आहों.

प्रथम स्मार्ट सिटी म्हणजे काय तें पाहूं. भारत सरकारनें २५ जून २०१५ रोजीं ह्या नांवाची योजना सुरू केली व तींत शंभर शहरें घेतलीं. महाराष्ट्रांतील पुणें, सोलापूर, नाशिक, नागपूर, ठाणें इत्यादि शहरें त्यांत होतीं. ३१ मार्च २०२५ रोजीं योजनेची मुदत संपली. परंतु कल्पना मागें राहिली आहे. रस्ते, दिवे, नळ व कचऱ्याच्या गाड्या ह्यांवर लहान लहान यंत्रें बसवावयाचीं. त्यांनीं पाठविलेली माहिती एके ठिकाणीं जमा करावयाची. आणि पाणी कोठें गळतें, रहदारी कोठें तुंबली, हें तिजवरून ओळखून वेळींच इलाज करावयाचा, हा तिचा गाभा होय.

नांव नवें असलें तरी कल्पना अगदींच नवी नव्हे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या सायन्स कॉलेजांत शिकून १८८४ सालीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत शिरले. १९०३ सालीं पुण्याजवळील खडकवासल्याच्या धरणावर त्यांनीं योजिलेले स्वयंचलित दरवाजे बसविण्यांत आले. पुराचें पाणी ठराविक पातळीच्या वर चढलें कीं ते आपोआप उघडत आणि पाणी उतरलें कीं आपोआप मिटत. पाण्याची पातळी स्वतः ओळखून काम करणारें तें यंत्र आजच्या यंत्रांचें वडीलच म्हणावयाचें! पुढें १९०८ सालीं मुसी नदीच्या महापुरानें हैदराबाद उद्ध्वस्त झाल्यावर त्या शहराच्या रक्षणाची योजना त्यांनींच आंखून दिली.

आतां आजच्या काळांतील कारभारी पाहूं. इटलींतील तुरीन शहरीं १९७१ सालीं जन्मलेले कार्लो रात्ती हे शिक्षणानें एंजिनिअर व व्यवसायानें शिल्पज्ञ. २००४ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. ह्या विख्यात संस्थेंत त्यांनीं शहरांच्या अभ्यासासाठीं एक प्रयोगशाळा काढली. २००९ मध्यें त्यांच्या मंडळीनें सिअ‍ॅटल शहरांतील लोकांनीं टाकलेल्या सुमारें तीन हजार वस्तूंना ठिकाण कळविणारीं चिमुकलीं यंत्रें जोडलीं. कचरा कोठें जातो हें पाहतां असें दिसलें कीं, कांहीं जुनीं विजेचीं उपकरणें हजारों किलोमीटर प्रवास करीत देशाच्या दुसऱ्या टोकास पोंचलीं! आपल्या दारांतून गेलेला कचरा नाहींसा होत नाहीं, हें ह्या प्रयोगानें डोळ्यांस दाखविलें.

परंतु जी गोष्ट वस्तूंस लागू, तीच माणसांस लागू केली तर? ह्या प्रश्नाची कसोटी कॅनडांतील टोरोंटो शहरीं लागली. तेथील सरोवराच्या कांठीं बारा एकर पडीक जागेवर नव्या तऱ्हेची वस्ती उभारण्याची योजना ऑक्टोबर २०१७ मध्यें जाहीर झाली. ती हातीं घेणारी कंपनी गूगलची भगिनी होती आणि तिचे प्रमुख होते डॅनियल डॉक्टरॉफ. हे गृहस्थ कायद्याचे पदवीधर. प्रथम भांडवलाच्या व्यवहारांत वाढले, नंतर न्यूयॉर्कचे उपमहापौर झाले. लांकडी इमारती, बर्फ वितळविण्यासाठीं ऊब देणारे पदपथ, कचरा नेणारे भुयारी मार्ग, असे मोठे मनोरथ त्या योजनेंत होते. त्याबरोबरच रहदारी व वावर टिपणारीं यंत्रें जागोजागीं असावयाचीं होतीं.

ह्या कंपनीनें सल्ल्यासाठीं डॉ. अ‍ॅन कव्हूकियन ह्यांस बोलाविलें. ह्या बाई कैरो येथें आर्मेनियन कुटुंबांत जन्मल्या व टोरोंटोंत वाढल्या. त्यांची डॉक्टरेट मानसशास्त्रांतील. १९९७ पासून २०१४ पर्यंत त्या ऑन्टारिओ प्रांताच्या गोपनीयता आयुक्त होत्या. यंत्र बनवितांनाच त्यांत माणसाच्या खासगीपणाचें रक्षण गोंवलें पाहिजे, मागाहून ठिगळ लावून चालणार नाहीं, हें त्यांचें मत जगांत मान्य झालें आहे.

त्यांची मागणी एका उदाहरणानें कळेल. चौकांत दर तासास किती माणसें रस्ता ओलांडतात हें मोजावयाचें असेल, तर आंकडा पुरे. चेहरे कशास ठेवावयाचे? म्हणून जेथें माहिती टिपली जाते तेथेंच, त्याच क्षणीं, व्यक्तीची ओळख पुसून टाकावी, असा त्यांचा आग्रह होता. आपण तसें करूं, असें कंपनीनें सांगितलें; परंतु तेथें येणाऱ्या इतर कंपन्यांकडूनही तें होईल, अशी हमी दिली नाहीं. तेव्हां ऑक्टोबर २०१८ मध्यें बाईंनीं राजीनामा दिला.

मे २०२० मध्यें कंपनीनें योजनाच सोडून दिली. महामारीमुळें उत्पन्न झालेली आर्थिक अनिश्चितता, हें कारण तिनें दिलें. एका राजीनाम्यानें योजना बुडाली असें म्हणणें खरें होणार नाहीं, परंतु "माझी माहिती कोणाच्या हातीं?" हा प्रश्न त्या वादानें सामान्य नागरिकाच्या तोंडीं आणला, हें मात्र खरें. आपल्याही गांवच्या चौकांत कॅमेरे लागले आहेत. तेव्हां हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देतां येत नाहीं.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. ह्या चौघांत एक धरणें बांधणारा, एक शिल्पज्ञ, एक कायदा शिकलेला, एक मानसशास्त्र शिकलेली. ह्या कामाची अशी एकच परीक्षा नाहीं. मुलास संगणक आला म्हणजे झालें, अशी कित्येक पालकांची समजूत दिसते. संगणक अवश्य यावा. गणितावांचून तर येथें पाऊलही पडणार नाहीं. परंतु त्याबरोबर नागरिकशास्त्राचें जें पुस्तक विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्रीं उघडतात, तें वर्षाच्या आरंभींच उघडावें. यंत्र कसें चालवावें हें गणित सांगेल. कोणासाठीं चालवावें आणि कोठें थांबवावें, हें ज्यास कळलें, त्याच्याच हातीं शहर निर्धास्तपणें सोंपवितां येईल. आमच्या शाळेंतून असे कांहीं कारभारी निघावेत, अशी आमची मनापासून इच्छा आहे.