शिल्लक आणि काटकसर

प्रतिकूल काळ कसा निभवावा, हा प्रश्न केवळ मनुष्यापुढेच उभा असतो असे नाही. ऑस्ट्रेलियातील पर्वतीय पिग्मी पॉसम आणि इजिप्तच्या वाळवंटातील गोगलगाय या दोन चिमुकल्या जीवांनी त्याची दोन निराळी उत्तरे शोधली आहेत.

कांगारूप्रमाणे पोटावरील पिशवीत पिले वाढविणाऱ्या या पॉसमचे वजन जेमतेम ४५ ग्रॅम. १८९० च्या दशकात तो शास्त्रज्ञांना केवळ जीवाश्मरूपाने ज्ञात झाला व नामशेष समजला गेला. मात्र १९६६ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील माउंट हॉथम येथे, स्कीइंगसाठी येणाऱ्यांच्या निवासात तो चक्क जिवंत सापडला! दूरच्या मैदानांतून शेकडो किलोमीटर उडत डोंगरावर येणारे बोगाँग पतंग हे त्याचे मुख्य खाद्य. त्यातून साठविलेल्या चरबीच्या बळावर तो बर्फाखालील खडकांच्या कपारीत सात महिन्यांपर्यंत शीतनिद्रा घेतो.

गोगलगाईची रीत वेगळी. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण ती अक्षरशः आचरते. अन्नपाणी आटले की शंखाचे तोंड पातळ पडद्याने बंद करून ती शरीराचा सारा व्यवहार मंदावते. अशीच एक गोगलगाय मृत समजून २५ मार्च १८४६ रोजी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पुठ्ठ्यावर चिकटविण्यात आली. मार्च १८५० मध्ये शंखाच्या तोंडाशी नवा पडदा दिसल्याने तिला कोमट पाण्यात ठेवले, आणि ती हालचाल करू लागली!

पॉसम उष्ण रक्ताचा असल्याने त्याला शीतनिद्रेतही अधूनमधून जागे व्हावे लागते, आणि प्रत्येक जागृतीत साठ्याचा मोठा भाग खर्ची पडतो. गोगलगाईला शरीर उबदार राखण्याचा खर्चच नाही. म्हणून एकाची भिस्त शिलकीवर, तर दुसरीची काटकसरीवर.

परंतु शिल्लकही कोठून तरी यावी लागते. पतंगांच्या जन्मभूमीतील दुष्काळामुळे २०१७-१८ च्या सुमारास त्यांची संख्या कमालीची घटली आणि पॉसमच्या अनेक माद्यांना आपली पिले गमवावी लागली. तापमानवाढीमुळे बर्फाचे ऊबदार पांघरूणही विरळ होत आहे. आज हा प्राणी अतिसंकटग्रस्त गणला जातो. संचयाइतकेच त्याच्या उगमाचे रक्षणही महत्त्वाचे असते, हाच या इवल्या जीवाच्या कहाणीचा बोध.